परदेशातून सोलापूरच्या कामासाठी पॉवर (मुखत्यारपत्र), प्रतिज्ञापत्र आणि हयातीचा दाखला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साखर पेठेतलं वडिलोपार्जित घर, जुळे सोलापुरातला मोकळा प्लॉट, मोहोळकडची शेती, आईची पेन्शन. यांतलं एखादं काम अडलं की दुबई, डॅलस, म्युनिक, मेलबर्न कुठून तरी फोन येतो, "एम्बसीत जाऊन नेमकं काय करायचं?" सोलापुरात दस्तांची कामं करणाऱ्या वकिलाला हे प्रश्न इतक्या वेळा ऐकावे लागतात की एकदा लिहून ठेवलेलं बरं. एक गोष्ट आधीच सांगतो. वकिलातीत होतं ते अर्धं काम. उरलेलं अर्धं सोलापुरात करायचं असतं, आणि गाडी अडते ती बहुतेक वेळा इथेच.

भारतीय वकिलातीतला अधिकारी नोटरीचं काम कोणत्या अधिकारात करतो?

१९४८ साली यासाठी स्वतंत्र कायदा झाला. राजनैतिक आणि वाणिज्यिक अधिकाऱ्यांच्या शपथा व फी यांबाबतचा हा कायदा आहे. त्याच्या कलम ३ प्रमाणे परदेशातल्या भारतीय दूतावासातला किंवा वाणिज्य दूतावासातला अधिकारी शपथ देऊ शकतो, प्रतिज्ञापत्र घेऊ शकतो आणि भारतातला नोटरी जे जे करतो ते सगळं करू शकतो. त्याने केलेलं काम भारतातच झालं असं धरलं जातं. त्याचा शिक्का आणि सही असलेला कागद कोर्टात आला, तर तो शिक्का खरा आहे हे वेगळं सिद्ध करत बसावं लागत नाही. आंतरराष्ट्रीय पातळीवर १९६३ च्या व्हिएन्ना करारानेही नोटरीचं काम वाणिज्य अधिकाऱ्याच्या कामांत धरलं आहे, मात्र ज्या देशात तो बसला आहे तिथला कायदा आड येत नसेल तर.

म्हणजे शिक्का बसला की कागद पक्का झाला?

नाही, आणि सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे. शिक्का एवढंच सांगतो की अमुक पासपोर्टधारक अमुक तारखेला आला, त्याची ओळख पटली आणि ही सही त्याची आहे. मजकुरात काय लिहिलं आहे याची जबाबदारी वकिलात घेत नाही. बऱ्याच ठिकाणी तसं शिक्क्यातच छापलेलं असतं.

सिटी सर्व्हे नंबर एका आकड्याने चुकला, गट नंबर जुना टाकला, विकायचे अधिकार लिहायचे राहिले, काहीही झालं तरी अधिकारी शांतपणे शिक्का मारून देणार. त्याला साखर पेठ कुठे आहे हेही माहीत नसतं आणि माहीत असण्याची गरजही नाही. चूक कळते ती दुय्यम निबंधकाच्या, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या टेबलावर, घर घेणारा पैसे घेऊन शेजारी उभा असताना.

दूतावास आणि वाणिज्य दूतावास यांत फरक काय? मी कुठे जायचं?

दूतावास राजधानीत असतो, वाणिज्य दूतावास इतर मोठ्या शहरांत. नोटरीचं काम दोन्हीकडे होतं. तुम्ही राहता तो भाग ज्यांच्या हद्दीत येतो तिथेच जायचं. यूएईत अबू धाबीला दूतावास आणि दुबईला वाणिज्य दूतावास आहे. सौदीत रियाध आणि जेद्दा. अमेरिकेत वॉशिंग्टनखेरीज न्यूयॉर्क, शिकागो, ह्यूस्टन, अटलांटा, सॅन फ्रान्सिस्को, सिअॅटल अशा शहरांत कार्यालयं आहेत, आणि कोणतं राज्य कोणाकडे हे ठरलेलं आहे. अर्ज घेण्याचं काम अनेक देशांत बाहेरच्या कंपनीच्या सेवा केंद्राकडे दिलेलं असतं. दूरच्या गावांसाठी अधूनमधून कॉन्सुलर कॅम्प लागतात. आपल्या वकिलातीच्या संकेतस्थळावर तारखा बघत राहा, सुट्टी वाचते.

पॉवर जनरल द्यायची की स्पेशल?

एकच घर विकायचं असेल तर विशेष मुखत्यारपत्र, म्हणजे स्पेशल पॉवर द्या. त्यात मिळकतीचं पूर्ण वर्णन आणि नेमके अधिकार लिहायचे: व्यवहार ठरवणं, साठेखत (विक्रीचा करार) आणि खरेदीखतावर सही, दुय्यम निबंधकासमोर कबुली, ताबा देणं, महापालिकेचा कर आणि वीजबिल नावावरून काढणं. पैसे स्वीकारायचा अधिकार देणार असाल तर तो कोणत्या खात्यात हेही लिहा. आम्ही आग्रहाने सांगतो की रक्कम थेट मालकाच्या एनआरओ खात्यात (परदेशात राहणाऱ्याचं भारतातलं रुपयांचं खातं) यावी. सख्खा भाऊ असला तरी. पैसा एकदा भावाच्या खात्यातून फिरला की हिशेबही फिरतो, आणि नातंही.

कुलमुखत्यारपत्र, म्हणजे जनरल पॉवर, सगळे अधिकार देऊन टाकतं. भाडं, कोर्टकचेरी, बँक, शेती अशी बरीच कामं वर्षानुवर्षं कोणी सांभाळणार असेल तरच ते द्यावं. "एकदा करून टाकू, पुन्हा एम्बसीचा हेलपाटा नको" हे कारण पुरेसं नाही.

नमुना इंटरनेटवरून घेतला तर?

वकिलातीच्या संकेतस्थळावरचा नमुना रचना कळण्यापुरता ठीक आहे. मसुदा मात्र जिथे वापरायचा तिथल्या माणसाकडून, म्हणजे सोलापुरात, करून घ्या. मिळकत पत्रिका किंवा सातबारा समोर ठेवून वर्णन टाकावं लागतं: सिटी सर्व्हे नंबर किंवा गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा. सोसायटीचा प्लॉट असेल तर प्लॉट नंबर आणि शेअर सर्टिफिकेटचा तपशीलही लागतो.

भाषेबद्दल: मराठीत केलेला कागद कायद्याने चालतो, पण काउंटरवरच्या अधिकाऱ्याला मराठी येईलच असं नाही, आणि तो भाषांतर मागू शकतो. म्हणून मसुदा इंग्रजीत करायचा आणि मिळकतीचं वर्णन उताऱ्यावर आहे तसं मराठीतही जोडायचं, ही आमची पद्धत. दोन्हीकडे चालतं.

काउंटरवर काय होतं? सोबत काय न्यायचं?

मूळ पासपोर्ट, त्याच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत, तिथला व्हिसा किंवा राहण्याचा परवाना, पत्त्याचा पुरावा, फोटो, आणि ज्याला पॉवर द्यायची त्याच्या आधार किंवा पासपोर्टची प्रत. दोन साक्षीदारांची ओळखपत्रं. साक्षीदारांनी स्वतः हजर राहायचं की नाही, हा नियम जागेप्रमाणे बदलतो, त्यामुळे अपॉइंटमेंट घेतानाच विचारा.

कागदावर घरून सही करून जाऊ नका. सही अधिकाऱ्यासमोर करायची असते. प्रत्येक पानावर, आणि खाडाखोड असेल तिथेही. फोटो चिकटवून त्यावर अर्धी फोटोवर, अर्धी कागदावर अशी सही. मग अधिकारी शिक्का, नोंदणी क्रमांक आणि तारीख टाकतो. कागद परत हातात आला की तिथेच उभं राहून तीन गोष्टी बघा: प्रत्येक पानावर शिक्का आहे का, पासपोर्ट नंबर बरोबर उतरला आहे का, अधिकाऱ्याचं नाव आणि हुद्दा वाचता येतो का. सात पानांच्या पॉवरमध्ये चौथं पान शिक्क्याशिवाय राहिलं, तर इथला लिपिक बोट नेमकं त्या चौथ्या पानावरच ठेवतो.

अमेरिकेत पद्धत थोडी वेगळी पडते. तिथे अनेकदा आधी स्थानिक नोटरीसमोर सही करून मग कागद सेवा केंद्राकडे टपालाने पाठवायचा असतो. त्यामुळे आपल्या हद्दीतल्या कार्यालयाची सूचना वाचल्याशिवाय पेन उघडू नये.

वकिलात चार तासांच्या अंतरावर आहे. तिथल्याच नोटरीकडून केलं तर चालेल का?

चालू शकतं, पण नुसत्या नोटरीवर थांबू नका. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम ३३ मध्ये परदेशात राहणाऱ्याचं मुखत्यारपत्र कोणासमोर करायचं याची यादी आहे: नोटरी, न्यायालय, न्यायाधीश, दंडाधिकारी, भारतीय कॉन्सल किंवा व्हाइस कॉन्सल, केंद्र सरकारचा प्रतिनिधी. नोटरी यादीत आहे, पण परदेशी नोटरीचं काम इथे मान्य करण्याबद्दल नोटरी कायदा, १९५२ च्या कलम १४ मध्ये परस्पर मान्यतेची आणि अधिसूचनेची अट आहे. रजिस्ट्री ऑफिसमधला माणूस यात पडायला तयार नसतो. तो म्हणतो, "एम्बसीचं आणा, नाहीतर अपोस्टिल आणा."

अपोस्टिल म्हणजे १९६१ च्या हेग करारानुसार त्या देशाच्या सरकारने लावलेलं प्रमाणपत्र. भारतासाठी हा करार १४ जुलै २००५ पासून लागू आहे. अमेरिकेत नोटरीनंतर त्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट कार्यालयाकडून, ब्रिटनमध्ये परराष्ट्र खात्याकडून ते मिळतं. ओमान, बहारीन, सौदी करारात आले आहेत. सिंगापूर २०२१ पासून, कॅनडा जानेवारी २०२४ पासून. यूएई आणि कुवेतमध्ये मात्र हा रस्ता नाही, तिथल्यांनी सरळ भारतीय वकिलात गाठावी.

वकिलातीचा शिक्का आणि वर अपोस्टिल, दोन्ही लागतं का?

नाही. वकिलातीच्या अधिकाऱ्याने केलेले कागद हेग करारातून मुळातच वगळले आहेत. दोन्ही करून घ्या असं सांगणारा एजंट दोन फी घेणार आहे.

पॉवर सोलापुरात पोहोचली. आता पुढे?

इथून खरं काम सुरू होतं, म्हणून हे नीट वाचा.

परदेशात केलेल्या कागदावर मुद्रांक शुल्क इथे आल्यावर भरायचं असतं. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम १८ प्रमाणे कागद राज्यात पहिल्यांदा आल्यापासून तीन महिन्यांची मुदत आहे. सही झाल्यापासून नाही, कागद इथे आल्यापासून. मग तो कधी आला हे दाखवायचं कसं? कुरिअरचं पाकीट. त्यावरची तारीख आणि ट्रॅकिंग नंबर. घरातली माणसं पाकीट उत्साहाने फाडतात आणि कचऱ्यात टाकतात, कागद तेवढा कपाटात ठेवतात. पाकीट कागदालाच टाचून ठेवा. कोणी स्वतः येताना घेऊन आला असेल, तर त्याच्या पासपोर्टवरच्या आगमनाच्या शिक्क्याची प्रत ठेवा.

मग पॉवर सोलापूरच्या सह जिल्हा निबंधक तथा मुद्रांक जिल्हाधिकारी यांच्या कार्यालयात न्यायची. तिथे अर्ज, मूळ कागद, प्रत, पाकीट आणि ओळखपत्रं द्यायची. शुल्क किती ते ते ठरवतात, ई-चलनाने भरायचं आणि कागदावर त्यांचा दाखला घ्यायचा. मिळकत विकण्याचा अधिकार असलेली पॉवर मोबदला न घेता आईवडील, भाऊबहीण, नवराबायको, मुलं अशा जवळच्या नात्यात दिली असेल तर शुल्क ५०० रुपये. मित्राला, शेजाऱ्याला किंवा बिल्डरला दिली तर बाजारमूल्यावर खरेदीखताएवढं शुल्क लागू शकतं. चाळीस लाखांच्या घरावर हा फरक केवढा होतो ते मनातल्या मनात मोजा, आणि पॉवर कोणाच्या नावे द्यायची ते त्यानंतर ठरवा. नातं मसुद्यात स्पष्ट लिहिलेलं असावं. "माझा सख्खा भाऊ" हे तीन शब्द तिथे पैसे वाचवतात.

मुदत टळली तर कागद रद्द होत नाही, पण कमी पडलेल्या शुल्कावर दरमहा २ टक्के दंड सुरू होतो.

यानंतर दस्त नोंदवायला जाल तेव्हा पॉवर घेणाऱ्याकडून एक घोषणापत्र मागतात: पॉवर देणारा हयात आहे आणि पॉवर रद्द केलेली नाही. ते खोटं देऊ नका. त्यात फौजदारी गुन्हा होतो.

स्कॅन करून व्हॉट्सअॅपवर पाठवली तर?

मसुदा तपासायला चालेल. नोंदणीला मूळ कागदच लागतो.

"मी घरी सही करून पाठवतो, तुम्ही तिथे ओळखीच्या नोटरीकडून शिक्का मारून घ्या." असं करता येईल का?

नाही. नोटरीसमोर माणूस हजर असावा लागतो. सही करणारा त्या दिवशी परदेशात होता हे पासपोर्टवरून एका मिनिटात सिद्ध होतं. पुढे भावकीत वाद पेटला की समोरचा वकील पहिल्यांदा तेच काढतो. मग कागद गेला, नोटरी अडचणीत, घेणाऱ्याचे पैसे अडकलेले. सोलापुरात अशा पॉवर झाल्याच नाहीत असं कोणी म्हणू नये. "सगळेच करतात" या शब्दांवर भरवसा ठेवून घर घेतलेल्या माणसाला पुढे किती तारखा पडतात, ते कोर्टाच्या पायरीवर बसून बघावं.

आम्ही तिघं भावंडं. वडील गेले. मी न्यूजर्सीत आहे आणि मला हिस्सा नको. एम्बसीतून हक्कसोड करून पाठवू का?

हक्कसोडपत्र हा स्थावर मिळकतीचा दस्त आहे, त्याची नोंदणी इथेच दुय्यम निबंधकाकडे व्हायला हवी. वकिलातीत नुसतं "मी हक्क सोडला" असं प्रतिज्ञापत्र केलं, तर त्याने मालकी सुटत नाही. रीत अशी: आधी सिटी सर्व्हेला किंवा शेती असेल तर फेरफाराने तिघांची वारस नोंद करून घ्या. मग तुम्ही एका विश्वासातल्या माणसाला विशेष मुखत्यारपत्र द्या, त्यात कोणाच्या लाभात हक्क सोडायचा ते नाव लिहा. त्या पॉवरवर तो माणूस इथे हक्कसोडपत्र नोंदवेल. ज्याच्या लाभात हक्क सुटणार त्यालाच पॉवर देणं शक्यतो टाळा. कायद्याने बंदी नाही, पण देणाराही तोच आणि घेणाराही तोच असा कागद उद्या बहिणीच्या मुलाने वाचला की शंका येतेच.

पासपोर्टवरचं नाव आणि उताऱ्यावरचं नाव जुळत नाही.

सोलापुरात हे घरोघरी आहे. उताऱ्यावर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. पद्मशाली घरांत तेलुगू नावाचं स्पेलिंग शाळेच्या दाखल्यावर एक, रेशन कार्डावर दुसरं. लग्न झालेल्या मुलींचं नाव मिळकत पत्रिकेवर माहेरचं, पासपोर्टवर सासरचं. पॉवरमध्ये दोन्ही नावं "उर्फ" घालून लिहा आणि त्याच अपॉइंटमेंटला "दोन्ही नावांची व्यक्ती एकच" असं प्रतिज्ञापत्र साक्षांकित करून घ्या. लग्नाचा दाखला किंवा राजपत्राची प्रत जोडा. या कागदासाठी दुसरी फेरी मारायला लागली की लोक वैतागतात, म्हणून पहिल्याच वेळी.

पॉवर दिली म्हणजे घर विकलं असं होतं का? बिल्डर म्हणतो पॉवर आणि साठेखत पुरे.

नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे की पॉवर, करार आणि मृत्युपत्र यांच्या जोडीने मालकी बदलत नाही. त्यासाठी नोंदणी केलेलं खरेदीखतच लागतं.

आई सहा महिने माझ्याकडे अमेरिकेत आहे. नोव्हेंबरमध्ये तिचा हयातीचा दाखला कसा द्यायचा?

तीन मार्ग आहेत. पहिला, बँकेचा किंवा कोषागाराचा छापील नमुना घेऊन वकिलातीत जायचं. आईंना स्वतः जावं लागतं, सोबत पासपोर्ट आणि पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) नंबर. भारतीय पेन्शनरांकडून बहुतेक वकिलाती या कामाची फी घेत नाहीत. दुसरा, ऑनलाइन जीवन प्रमाण. ही सोय नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाली. आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला निघतो, मात्र आधार पेन्शन खात्याला जोडलेलं हवं आणि त्यातला मोबाइल नंबर चालू हवा. तिसरा, तिथल्या नोटरीकडून सही, पण तो नमुना तुमची बँक स्वीकारते का हे आधी विचारा.

केंद्राच्या ८० वर्षांवरच्या पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. गिरणीतून निवृत्त झालेल्यांची ईपीएसची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीकडची पेन्शन असेल, तर नोव्हेंबरचं बंधन नाही. दाखला दिल्यापासून एक वर्ष चालतो. गिरण्या बंद पडून जमाना झाला, पेन्शनी अजून चालू आहेत. रक्कम थोडी असते, पण ती थांबली की म्हाताऱ्या माणसाला पैशापेक्षा जास्त लागतं ते "मी आहे अजून" हे कोणाला तरी सांगावं लागण्याचं.

सोलापूर विद्यापीठाची पदवी दुबईच्या वकिलातीत साक्षांकित होते का?

सरळ होत नाही. भारतातल्या पदवीला आधी राज्य शासनाचं साक्षांकन, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचं, असा क्रम लागतो, आणि यूएईसाठी त्यानंतर यूएईच्या इथल्या वकिलातीचं. हे सगळं भारतातच होतं. विद्यापीठ २००४ मध्ये सुरू झालं. त्याआधी सोलापूरच्या कॉलेजांतून बाहेर पडलेल्यांच्या पदव्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या आहेत, तेव्हा पडताळणीही कोल्हापुरातच होणार. २०१९ पासून विद्यापीठाचं नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ आहे. जुन्या प्रमाणपत्रावर नुसतं सोलापूर विद्यापीठ असेल तर घाबरायचं कारण नाही.

पदवी हेग करारातल्या देशासाठी असेल, तर अपोस्टिलची परराष्ट्र मंत्रालयाची फी कागदामागे ५० रुपये आहे. बाकीचे पैसे सेवा केंद्राचे, कुरिअरचे आणि एजंटाचे.

मुलीचा पासपोर्ट सोलापुरात काढायचा आहे, तिचे वडील कुवेतला आहेत.

अल्पवयीन मुलाच्या पासपोर्टला आईवडील दोघांचं संमतीचं घोषणापत्र लागतं, ज्याला सगळे अनेक्श्चर डी म्हणतात. वडिलांची सही तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून मूळ कागद मागवा, सोबत त्यांच्या पासपोर्टची प्रत. हेड पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्राची अपॉइंटमेंट कागद हातात आल्यावरच घ्या.

आमचा माणूस आखातात कामावर असताना वारला. त्याचा पगार आणि भरपाई मिळवायला काय करावं लागतं?

इथे कागद उलट्या दिशेने जातो. मृताची बायको, मुलं, आईवडील यांनी सोलापुरात वारस दाखला काढायचा आणि तिथे पाठपुरावा करणाऱ्याच्या नावे सगळ्यांनी मिळून मुखत्यारपत्र द्यायचं. हे कोणाच्या नावे आणि कोणत्या नमुन्यात, हे त्या देशातल्या भारतीय वकिलातीच्या कामगार विभागाला विचारून मगच करा. प्रत्येक देशाची रीत निराळी आहे. कोऱ्या कागदावर सह्या कोणालाही देऊ नका, मग तो कंपनीचा माणूस असो की गावातला.

ईसीआर पासपोर्टवर (कामाला परदेशी जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते तो), रीतसर मंजुरी घेऊन गेलेल्यांचा प्रवासी भारतीय विमा असतो. अपघाती मृत्यूला त्यात १० लाखांचं संरक्षण आहे. त्याची पॉलिसी घरात शोधा. वकिलातीकडून उत्तर येत नसेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार नोंदवता येते.

मी आता अमेरिकन नागरिक आहे, ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीयांना मिळणारं) आहे. भारतीय वकिलात माझी पॉवर साक्षांकित करेल का?

भारतातल्या कामासाठी साधारणपणे करतात. ओसीआय कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही न्या. नाही जमलं तर नोटरी आणि अपोस्टिलचा रस्ता आहेच. एक आठवण: परदेशी स्थायिक झालेल्यांना वारसाने आलेली शेती ठेवता येते आणि भारतात राहणाऱ्या भारतीयाला विकता येते, पण नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. पॉवर देऊनही नाही. शिवाय महाराष्ट्रात शेतजमीन घेणारा शेतकरी असावा लागतो. द्राक्षबागेची हौस असेल तर भावाच्या बागेत जाऊन बसावं.

आणि माझ्या अमेरिकन मुलाला, तो सुट्टीत सोलापूरला आलेला असताना, अमेरिकेतल्या घराच्या कागदावर सही करायची असेल तर?

मुंबईला बीकेसीतली अमेरिकन वकिलात अपॉइंटमेंट घेऊन नोटरीचं काम करते. प्रत्येक शिक्क्याला ५० डॉलर. कागद आधी सही करून न्यायचा नाही, तिथेही नियम तोच. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघालात तर सकाळी सीएसएमटीला पोहोचता, पण अपॉइंटमेंट अगदी सकाळची घेऊ नका. समोरच्या पक्षाला चालत असेल तर सोलापूरच्या नोटरीचा कागद आणि त्यावर आपल्या सरकारचं अपोस्टिल, यानेही भागतं.

मृत्युपत्र वकिलातीत करावं लागतं का?

नाही. मृत्युपत्राला मुद्रांक नाही आणि नोंदणीची सक्तीही नाही. दोन साक्षीदारांसमोर सही झाली आणि त्यांनी सह्या केल्या की ते वैध. साक्षीदार तुमच्यापेक्षा तरुण आणि सापडण्यासारखे असावेत.

दिलेली पॉवर रद्द कशी करायची?

रद्द केल्याचं पत्र करून वकिलातीत साक्षांकित करायचं आणि इथे तीन ठिकाणी पोहोचवायचं: ज्याला पॉवर दिली त्याला पोच मिळेल अशा पोस्टाने, ज्या दुय्यम निबंधकाकडे मिळकत येते तिथे, आणि बँकेत. स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस द्या. मूळ पॉवर परत मागा. तिच्या जोरावर काही व्यवहार झाला का हे आयजीआर महाराष्ट्र, म्हणजे राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये बघता येतं. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोडकडे मोकळे प्लॉट असणाऱ्यांनी रद्द करायचं नसलं तरी वर्षातून एकदा हा शोध घ्यावा. मालक परदेशात आणि प्लॉटला कुंपण नाही, असं दिसलं की बनावट कागद करणाऱ्यांची नजर जाते.

पॉवर देणारा वारला तर?

पॉवर त्या क्षणी संपते. त्यानंतर तिच्यावर केलेली सही टिकत नाही, घाई कितीही असली तरी. वारस नोंद करून पुन्हा सुरुवात.

फी किती आणि वेळ किती?

फी देशागणिक आणि सेवेगणिक वेगळी, वर भारतीय समुदाय कल्याण निधीचा छोटा आकार आणि सेवा केंद्राचे पैसे. आकडा वकिलातीच्या संकेतस्थळावरच बघा, व्हॉट्सअॅप गटावर फिरणारा जुना तक्ता नको. स्वतः गेलात तर काही ठिकाणी त्याच दिवशी कागद मिळतो, टपालाने पाठवलात तर काही आठवडे धरून चाला. इथल्या मुद्रांक कार्यालयाचे दिवस वेगळे मोजा. खरेदीखताची तारीख घेणाऱ्याला कबूल करण्याआधी हे दोन्ही मिळवून बघा.

संक्रांतीला गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेसाठी येणारच आहे. तोवर थांबू का?

थांबता येत असेल तर जरूर थांबा. स्वतः हजर राहून खरेदीखतावर सही केलीत तर पॉवर, शिक्का, पाकीट, तीन महिने, काहीच लागत नाही. दुय्यम निबंधकाची वेळ ऑनलाइन आधी घ्या, पॅन आणि ओळखपत्रं बॅगेत ठेवा, आणि मसुदा डिसेंबरातच पाठवून द्या. यात्रेच्या दिवसांत सुट्ट्या येतात आणि अर्धं शहर होम मैदानावर असतं, तेव्हा दस्ताची तारीख यात्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या आसपास ठेवू नका.